आमच्या घरी तीन नल्ल्या

३ एप्रिल, गुरुवार

ही वही ढेकणांमुळे सुरू झाली, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. नाहीतर उद्या कोणाच्या हाती लागली, तर लिंगाप्पा कंडक्टरला म्हातारपणी लेखक व्हायची हौस आली म्हणून अख्खं मन्नाएखेळ्ळी गाव हसेल.

आज हुमनाबादहून रेवणसिद्धप्पा आला होता. ढेकणांचं औषध मारतो. आल्या आल्या त्याने हवेत नाक फिरवलं, गाद्यांच्या शिवणी उलट्या करून पाहिल्या आणि मोठ्या डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाला, "अण्णा, सोमवारी पंप घिऊन येतो. तवर एक काम करा. रोज कुठं चावलं, कवा चावलं, लिहून ठिवा. चावतंय कुठं ते कळलं की लपलंय कुठं ते कळतंय."

हे मला पटलं. तीस वर्षं दर स्टेजला, म्हणजे थांब्याला, तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल भरलं आहे. कोण कुठे चढला, कुठे उतरला, याची नोंद ठेवणं माझ्या रक्तात आहे. ते रक्त सध्या दुसऱ्यांच्या पोटात चाललं आहे, हा भाग वेगळा.

घाईचं कारण असं. आमची एकुलती लेक तुळजा तिकडे तेलंगणात, नारायणखेडला दिली आहे. तिला आता सातवा लागेल. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, या तीस तारखेला, तिला आणायचं ठरलं आहे. पाडव्याला ती दोन दिवस येऊन गेली आणि अंगभर गांध्या घेऊन सासरी पोचली. काल फोनवर हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, मी आत्याबाईला डास चावले म्हणून सांगितलंय. ढेकणाचं कळलं तर त्या मला पाठवणार न्हाईत. काईतरी करा लवकर."

आत्याबाई म्हणजे तिची सासू मल्लव्वा, आमच्या ईनबाई. त्या बाईच्या घरी अंगणातली माती सुद्धा धुतल्यासारखी दिसते. सत्तावीस दिवस आहेत माझ्याकडे. पोर माहेरी आली नाही तर नागूबाई मला जगू देणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाच करमणार नाही.

नोंद: डाव्या मांडीला मागून तीन, उजव्या मांडीला मागून दोन, कमरेला एक. वेळ: सकाळी पेपर वाचताना.

४ एप्रिल, शुक्रवार

शत्रूची सगळी नावं माहीत पाहिजेत. ढेकणाला कानडीत तगणी, हिंदीत खटमल. तेलुगूत काय म्हणतात ते आठवेना. नारायणखेड रूटवर बारा वर्षं काढली, पण ढेकणाचं तिकीट फाडायची वेळ आली नाही.

तशा मला पाच भाषा येतात. मराठी घरची, कानडी सरकारची, हिंदी हैदराबादची, तेलुगू रूटची आणि पाचवी शिट्टीची. नागूबाई म्हणते, पाचही भाषांत मला फक्त "पुढं सरका" येतं. तिने माझं तेलुगू ऐकलेलं नाही.

हे सगळं मी माझ्या सीटवर बसून लिहितो आहे. ही सीट म्हणजे माझ्या जुन्या गाडीची कंडक्टर सीट. जानेवारीअखेर मी रिटायर झालो आणि पुढच्याच आठवड्यात हायवेवरच्या भंगारवाल्याच्या आवारात ही दिसली. पाठीवर मी खिळ्याने कोरलेला 'लि' होता, त्यावरून ओळखली. रेक्झीन एका बाजूला फाटलं होतं, आतला स्पंज डोकावत होता, पण बैठक तीच. रिक्षात घालून घरी आणली आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली मांडली. नागूबाई म्हणाली, "आता बाकीची गाडीबी आणा, मी डायव्हर होते." मी लक्ष दिलं नाही. सकाळचा चहा, पेपर, दुपारचा डुलका, सगळं इथेच. सीटवर बसलं की अजून कुठेतरी चाललो आहे असं वाटतं.

नोंद: मांड्या मागून, दोन्ही मिळून सात. वेळ: दुपारी डुलका घेताना. ढेकूण दिवसाही चावतात हे नवीन कळलं. यांना शिफ्ट नाही.

६ एप्रिल, रविवार

चोर सापडला.

नागूबाईचा धाकटा भाऊ माउली लॉरीवर आहे. हुमनाबादला माल उतरला की दहा-बारा दिवसांतून एकदा बहिणीच्या हातची भाकरी खायला येतो, काखेत वळकटी घेऊन. धाब्यावरच्या बाजा, लॉरीची केबिन, कुठे कुठे लोळून आलेली ती वळकटी! पाडव्यालाही तो होता. हिशोब सरळ आहे.

आज तो दारात आला तसा मी त्याच्या काखेतून वळकटी ओढून घेतली, अंगणात उलगडली आणि बडवण्याने बडवली. शेजारची गुरुबाई आणि तिच्या दोघी सुना भिंतीवरून बघत होत्या. एकही ढेकूण निघाला नाही. म्हणजे सगळे आधीच आमच्या घरी उतरले, हे उघड झालं. तसं मी मोठ्याने बोललोही. मग वळकटी उचलून रस्त्यावर टाकली.

 माउली म्हणाला, "दाजी, मी लॉरीत झोपतो. पन रोज झाडून झोपतो." वळकटी गोळा केली आणि निघून गेला. नागूबाईची भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपली.

 संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलाव तुमी." तिचा भाऊ संन्यासी! गुटखा खाणारा संन्यासी मी पहिल्यांदाच पाहतो आहे.

नोंद: मांड्या मागून चार, पाठीला दोन. वेळ: हे लिहिताना.

७ एप्रिल, सोमवार

रेवणसिद्धप्पा पंप घेऊन आला. "घरातलं सगळं फर्निचर भायेर काढा," म्हणाला. खाट काढली, कपाट काढलं, गाद्या, गोधड्या, उशा, देवाचा पाट, नागूबाईच्या लुगड्यांची पेटी, भिंतीवरचं कॅलेंडर सुद्धा. सगळ्या गल्लीने आमचा संसार पाहून घेतला. खाटेच्या सांध्यांत मी स्वतः उकळतं पाणी ओतलं. गाद्या उन्हात टाकल्या. एप्रिलचं ऊन, हात लावला तर चटका.

सीट तेवढी आत ठेवली. सीट म्हणजे काही फर्निचर नव्हे. औषधाचे डाग पडू नयेत म्हणून तिच्यावर मेणकापड टाकलं आणि चारी बाजूंनी सुतळीने घट्ट बांधलं. रेवणसिद्धप्पा मागच्या खोलीत फवारत होता, त्याने पाहिलं नाही. नागूबाईने पाहिलं.

"बसल्या जागेचं बघा आधी," ती म्हणाली.

टोमणा कळला. रिटायर झाल्यापासून मी बसून खातो, असं तिला म्हणायचं आहे. आयुष्यभर उभं राहून तिकिटं फाडलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. 

"अंडी हायत, ती मरत न्हाईत औषधानं," जाताना रेवणसिद्धप्पा म्हणाला. "पिल्लं निघाली की बारा दिवसांनी परत मारू. वही चालू ठिवा."

९ एप्रिल, बुधवार

काल एकही नाही! आज मेणकापड सोडून सीटवर बसलो. हवा घरात खेळती आहे, औषधाचा वास गेला आहे, मन प्रसन्न आहे.

संध्याकाळी: मांड्या मागून पाच. पिल्लं निघाली वाटतं. रेवणसिद्धप्पा हुशार माणूस आहे.

१० एप्रिल, गुरुवार

आज आनंदाची गोष्ट. ईनबाईंचा स्वतःहून फोन आला. नेहमी त्या नागूबाईशी बोलतात, आज मला मागितलं. तब्येत-पाणी झालं आणि मग त्यांनी तेलुगूतच विचारलं, "अण्णा, मी इंटलो नल्लुलु उन्नाया?"

तेलुगूत मी म्हणजे तुमच्या, इंटलो म्हणजे घरात. उन्नाया म्हणजे आहेत का. आणि नल्ली म्हणजे कानडीत नळ, आपल्या पंचायतीच्या बोर्डावर लिहिलेलंच आहे. 'लु' लावलं की अनेकवचन होतं. पोटुशी सून पाठवायची तर पाण्याची चौकशी कोणीही करणार. मी पण तेलुगूतच ठणकावून सांगितलं, "उन्नाई, उन्नाई! मूडु!" आहेत, तीन आहेत.

पलीकडून नुसतं "आँ?" आलं. बाईला माझं तेलुगू कळलं नसेल म्हणून मी हिंदीवर आलो. म्हटलं, "एक चुल्हे के पास है, एक मोरी में, एक आँगन में. सुबह-शाम दोनों टाइम आते. जोर बी अच्छा है."

"सुबह-शाम?" ईनबाई म्हणाल्या.

"हौ. तुळजा के वास्ते उसकी खोली में बी एक नई बिठारौं मैं."

"तुमे... जान के बिठारैं?"

"जान के! सरकारी है ना. पूरे गाँव में हर घर कू एक-एक दिए. हम दो ज्यादा लिए."

त्यांनी फोन ठेवला. बोलणं अर्धवट राहिलं, पण बाईच्या डोळ्यांपुढे चार चार नळ आले असतील. त्यांच्याकडे अजून बोअरवरून घागरी आणाव्या लागतात असं तुळजा सांगत होती. थोडी असूया वाटणारच.

नोंद: मांड्या मागून सहा. फोनवर बोलताना.

११ एप्रिल, शुक्रवार

हे लिहायला हात वळत नाही, पण वेबिलात खाडाखोड करायची सवय नाही.

तुळजाचा फोन आला. आधी रडत होती, मग मध्येच हसायला लागली, मग परत रडायला.

"अप्पा, काय बोललाव तुमी आत्याबाईला? त्या सगळ्या गल्लीला सांगायल्यात, माझ्या सुनंच्या बापानं घरात ढेकूण पाळलेत म्हणून!"

"मी? कवा? मी नळाचं सांगितलं."

"इकडं नळाला नल्ला म्हणतेत, अप्पा! नल्ला! नल्ली म्हंजे ढेकूण!"

मी सीटवर बसलेलाच होतो, म्हणून पडलो नाही. काल बोललेलं एकेक वाक्य परत आठवलं. चुलीपाशी एक. सकाळ-संध्याकाळ येतात. जोर चांगला आहे. पोरीच्या खोलीत नवीन बसवतोय. सरकारने घरोघर दिले, आम्ही दोन जास्तीचे घेतले.

नागूबाईला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. इतकी हसली की ओट्याला धरून खाली बसली, आणि मग खरंच रडायला लागली. म्हणाली, "आता माझी लेक येत न्हाई."

एका काना-वेलांटीच्या फरकाने माझी पोर अडकली. पाच भाषांपैकी एक आजपासून कमी.

१४ एप्रिल, सोमवार

ईनबाईंचा निरोप तुळजाकडून आला. त्या सत्तावीस तारखेला स्वतः येणार. रात्रभर आमच्याकडे झोपणार, तुळजासाठी ठेवलेल्या खाटेवर. एकही चावला नाही तर आखितीला पोर पाठवणार. चावला तर बाळंतपण नारायणखेडलाच.

गाड्या तपासणारे असे साहेब मी नोकरीत पाहिले नाहीत.

खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. खालून चढणाऱ्यांसाठी खंदक. कडुलिंबाचा पाला गादीखाली घातला. वेखंड टाकलं. कोणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं म्हणून घरभर लवंगा ठेवल्या. खाटेवर झोपतो तेव्हा आता एकही चावत नाही. तरी दिवसा चावतातच. कुठून येतात, देव जाणे.

दुपारी हुमनाबादला जाऊन आणखी एक पावडर आणली. घरात शिरलो तर नागूबाई म्हणाली, "काखंत कळसा आन् गावाला वळसा." माझ्या काखेत पावडरचा पुडा होता. बाईचं वय झालं आहे, असं वाटायला लागलं आहे.

नोंद: मांड्या मागून आठ. वेळ: सीटवर बसून विचार करताना.

१६ एप्रिल, बुधवार

मांड्या मागून नऊ. कमरेला तीन. आज जास्त वेळ बसलो होतो.

१९ एप्रिल, शनिवार

रेवणसिद्धप्पा दुसऱ्या फवारणीला आला. "वही आणा," म्हणाला. मी अभिमानाने दिली. तो माझ्या समोर उभा राहून पानं उलटत होता. ओठ हलवत वाचतो. तीन पानं झाली, चार झाली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अण्णा, झोपता कुठं?"

"खाटेवर."

"खाटंवर चावतंय?"

"आता न्हाई."

"मग चावतंय कवा?"

"बसल्यावर."

"बसता कुठं?"

मी सीटची कड धरली. तिच्यावरच मी बसलेलो होतो. नागूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ तसंच.

"उठा," रेवणसिद्धप्पा म्हणाला.

उठलो. त्याने पान्याचं टोक घालून बैठकीच्या कडेचं रेक्झीन उचललं, जिथे ते फाटलं होतं तिथून. आत पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकला. वीस वर्षं ढेकूण मारणारा माणूस मागे सरकला, म्हणजे काय ते समजा. स्पंजच्या भोकाभोकांत होते. शिवणीच्या ओळीने बसले होते, लहान, मोठे, लेकुरवाळे. सणाच्या आदल्या दिवशीची गाडी. दारात पाय ठेवायला जागा नाही.

तीस वर्षांत विनातिकीट माणूस माझ्या नजरेतून सुटला नाही. इथे फेब्रुवारीपासून शेकड्यांनी विनातिकीट माझ्याच बुडाखाली बसून प्रवास करत होते, आणि मी गल्लीभर इतरांची तिकिटं तपासत होतो. वर त्यांना औषध लागू नये म्हणून मेणकापड मीच पांघरलं.

रेवणसिद्धप्पाने सीट अंगणात ओढून नेली आणि उन्हात उलटी टाकली. घर फवारलं. जाताना वही परत देत म्हणाला, "लई ब्येस लिवलंय, अण्णा. फकस्त वाचलं न्हाई तुमी."

२० एप्रिल, रविवार

नागूबाईला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"पाडव्यापासून. तुळजा सीटवर बसली न् अंग खाजवाय लागली, तवाच."

"मग सरळ का न्हाई सांगितलीस? कळसा न् वळसा कामून?"

ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "कसं सांगू? रिटायर झालाव त्या दिशी घरात आलाव ते पावन्यावानी बसलाव. कुठं बसावं ते तुमाला कळंना. जेवताना दाराकडं बघायलाव. ती सीट आणल्यावर पहिल्यांदा मानसात आलाव. ती काढा म्हणायला जीभच उचलंना माझी. म्हणलं आपूआप कळंल."

आपोआप! मला! कोणाशी संसार केला हे या बाईला अजून कळलेलं नाही.

मला रडू आलं. लिहून ठेवतो, कारण कोणी पाहिलं नाही. ती तव्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माउलीला मातर तुमीच सांगायचं."

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळच्या गाडीने हुमनाबादला गेलो. हायवेवरच्या धाब्यापाशी माउलीची लॉरी उभी होती. तो टायर ठोकून बघत होता. मी जाऊन जवळ उभा राहिलो. वाटभर तीन वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

म्हटलं, "माउली, सीटमंदी होते."

"काय?"

"ढेकूण. माझ्या सीटमंदी. तुझ्या वळकटीत एकबी नव्हता."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. टायरवर परत एकदा ठोकलं. म्हणाला, "दाजी, गुरुबाईची सून माझ्या गावची हाय. आता गावातबी म्हणतेत, ढेकणाचा माउली." मला खाली बघावं लागलं. मग मी हात जोडले. साठ वर्षांच्या माणसाने चाळिशीतल्या मेव्हण्याला हात जोडले आणि धाब्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. मी गल्लीसमोर बडवलं होतं, तेव्हा हे हायवेसमोर व्हायलाच पाहिजे होतं.

"चला," तो म्हणाला, "कुठंय ती सीट?"

सीट लॉरीत टाकून गावाबाहेरच्या उकिरड्यापाशी नेली. 'लि' कोरलेली पाठ वर होती. माउलीने काडी मला दिली. स्पंज लगेच पेटला, काळा धूर आणि घाण वास. आतून चट्‌चट्‌ आवाज येत होता. तो कशाचा ते आम्हा दोघांनाही कळत होतं. खिशात माझी जुनी शिट्टी होती. काढली आणि गाडी सोडायला वाजवतात तशी दोनदा वाजवली.

"रैट," माउली म्हणाला.

२३ ते २६ एप्रिल

चार दिवस एकही नाही. जमिनीवर बसून लिहितो आहे. गुडघे दुखतात. गुरुबाईच्या दारात जाऊन, तिच्या दोन्ही सुनांच्या देखत, ढेकूण माझे होते असं सांगून आलो. तिने आत बसा म्हटलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

ईनबाई आल्या. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात स्वतःची पांढरी चादर. पांढऱ्यावर काळं दिसतं म्हणून. चहा घेतला नाही. खाट उलटी करून सांधे पाहिले, गादीची शिवण बोटाने उकलली, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे टॉर्च मारला. नागूबाई मागे मागे, परीक्षेला बसल्यासारखी. खिडकीखाली रिकाम्या जागेवर सीटच्या पायांचे चार ठसे राहिले आहेत. तिथे त्या थांबल्या.

"इधर क्या था, अण्णा?"

"नल्ली थे," मी म्हणालो. "पूरे. मैंच लाया था, मैंच जलाया."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि पहिल्यांदा चहा मागितला. आता त्या आतल्या खोलीत पांढऱ्या चादरीवर झोपायला गेल्या आहेत. मी पुढच्या खोलीत. देवापुढे नागूबाईने दिवा लावला आहे. काय मागितलं ते विचारलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी ईनबाई बाहेर आल्या. डोळे लाल, केस विस्कटलेले.  नागूबाईने दाराची चौकट धरली.

"वदिना," त्या नागूबाईला म्हणाल्या, "नल्ली लेदु. एक बी नै."

नागूबाईने चौकट सोडली, तेवढ्यात त्यांनी बोट माझ्याकडे वळवलं.

"पन ये अण्णा! रातभर घोरते! डीजल का इंजन! मेरेकू एक मिनिट नींद नै. नल्ली खून पीते, पन चुप तो रैते!"

मला वाटलं, संपलं. इतकं करून माझ्या नाकाने घात केला. ईनबाई चादरीची घडी घालत होत्या. घडी घालून झाली आणि मग त्यांनी निकाल दिला. पोर आखितीला येणार. पोटुशीची झोप मोडायची नाही, म्हणून बाळाचं बारसं होईपर्यंत लिंगाप्पा अण्णाने घराबाहेर झोपायचं. नागूबाईने क्षणभरही विचार केला नाही. "झोपतेत," म्हणाली.

माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी हेच दिलं असतं.

३० एप्रिल, बुधवार, आखिती

तुळजा आली. माउलीच घेऊन आला. लॉरी नाही, मालकाकडून मागून आणलेल्या गाडीत, उशी लावून, ब्रेक न दाबता. दारात नागूबाईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. पोर जड झाली आहे, चालताना कमरेवर हात ठेवते. खोलीत आली आणि पहिलं खिडकीखाली पाहिलं.

"अप्पा, तुमची सीट?"

"तिचं स्टेज आलं. उतरली."

तिने तिथे, त्या चार ठशांवरच, भिंतीला टेकून बैठक मारली आणि पाय पसरले. म्हणाली, "हितं वारं चांगलं येतंय." मी म्हटलं, "बस." ती बसली आणि मला बरं वाटलं. त्या जागेवर मी बसलो होतो तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

ही वही आता बंद करतो. नोंद करायला चावणारं कोणी उरलं नाही.

एवढंच राहिलं. जेवणं झाली. ठरल्याप्रमाणे नागूबाईने माझी गोधडी आणि उशी गुंडाळून हातात दिली आणि दार लावून घेतलं. मुक्कामाला राहिलेल्या माउलीने अंगणात आधीच आपलं अंथरूण घातलं होतं. मी काखेत वळकटी घेऊन उभा राहिलो. गुरुबाई आणि तिच्या सुना भिंतीवरून बघत होत्या. माउली उताणा पडला होता, हात डोक्याखाली. त्याने डोळे उघडून वळकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दाजी, झाडून आणलाव का?"

मी वळकटी उलगडली, सगळ्यांच्या देखत दोनदा झाडली. तेव्हा तो सरकला आणि मला जागा दिली.